स्टाफरूममधला प्लग

माझ्या मुलीचे श्वास ओढणारे स्नायू जन्मापासून दुबळे आहेत. म्हणून रात्री, आणि दुपारी तासभर, ती नाकावर मास्क लावून झोपते. बायपॅप नावाचं डब्याएवढं मशीन तिच्या श्वासाला जोर देतं. घशात नळी नाही, टोचणं नाही. पण दुपारच्या त्या एका तासासाठी तिला शाळेतून बारालाच घरी न्यावं लागे. उद्यमबागेतल्या कारखान्यातून मी रोज कसा सुटणार? ती चौथीत गेली तेव्हा मी शाळेकडे एक प्लग मागितला.

शाळा सीमाभागातली; अर्ज मराठीत दिला, तर कन्नडमध्येही हवा म्हणाले. कन्नडमध्ये दिला, तर कमिटीची बैठक लावली. मशीन आणि मुलगी, दोघांनाही हजर राहायला सांगितलं.

कमिटीच्या म्हाताऱ्या अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणतात. मशीन टेबलावर ठेवताच त्यांनी खुर्ची मागं सरकवली.

“सिलिंडर फुटला तर जबाबदार कोण?”

“सिलिंडर न्हाय, आप्पा. खोलीतलीच हवा हाय,” मी म्हणालो.

“मग खोलीतली हवा घ्यायला मशीन कशाला?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलगीच म्हणाली, “आप्पा, भाईर हवा लई हाय. तरी सायकलला पंप लागतोय न्हवं?”

ठराव मंजूर झाला. पण चालू प्लग शाळेत एकच निघाला, स्टाफरूममध्ये, आणि त्यावर शिक्षकांच्या चहाची किटली होती. तिथं प्रकरण गंभीर झालं. मुलीच्या श्वासावर पंधरा मिनिटं बोललेली कमिटी किटलीवर पाऊण तास बोलली. शेवटी चहा तासभर पुढं गेला, तोही ‘प्रायोगिक तत्त्वावर’.

महिनाभरानं एका दुपारी मी सहज शाळेत गेलो. स्टाफरूममध्ये ती मास्क लावून झोपली होती आणि शिक्षक बदल्या, पगार, सीमाप्रश्न, सगळं कुजबुजत बोलत होते. तेवढ्यात मास्क सरकला आणि मशीन वाजू लागलं. मी धावलो. तोवर कन्नडच्या बाईंनी पट्टा ओढून मास्क नीट बसवला होता. आवाज थांबला.

“रोजचंच आहे,” त्या पुन्हा वह्या तपासू लागल्या. “तुम्ही जरा हळू चाला. तिची झोप मोडेल.”

मला भरून आलं, पण तिथं नाक ओढायचीही सोय नव्हती. मी व्हरांड्यात जाऊन बसलो.

दुपारचं गणित ती त्या वर्षी पहिल्यांदा वर्गात बसून शिकली. ते कच्चंच राहिलं. आमच्या घराण्यातून आलंय ते; त्याला अजून मशीन निघालेलं नाही.