न चढता केलेली सही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तिला वाटतं, कामाच्या बाबतीत आपला नवरा फार काटेकोर आहे. सगळ्यांनाच तसं वाटतं, आणि मी वाटू देतो.

सांगलीहून चेन्नईला येऊन मला वीस वर्षं होतील. बांधकामावर इंजिनिअर आहे. काँक्रीटमधल्या सळ्या किती वेळा तपासायच्या, हे मी नव्या इंजिनिअरांना शिकवतो — बांधताना एकदा, बांधून झाल्यावर एकदा, आणि काँक्रीट ओतायच्या अगदी आधी, त्याच सकाळी, पुन्हा एकदा. या तिसऱ्या वेळेबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. का चढतो? सांगतो — जरा दमानं सांगू द्या.

काही वर्षांपूर्वी इथेच, चेन्नईतल्या गिंडीला एका इमारतीचं काम चालू होतं. सळ्या बांधायला सेल्वम अण्णा होते, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. पाचव्या मजल्यावर बाल्कनी होती. बाल्कनी एकाच बाजूनं धरलेली असते, तिचा जीव वरच्या सळ्यांत. त्या खाली दबल्या की असून नसून सारख्याच. अण्णांनी त्या सुरेख बांधल्या होत्या. संध्याकाळी मी स्वतः वर जाऊन पाहिल्या. दुसऱ्या दिवशी अण्णांचं काम दुसऱ्या साइटवर होतं, म्हणून निघताना ते म्हणाले, "सार, सकाळी काँक्रीटच्या पंपाचा पाइप यावरूनच ओढतील, सळ्या दबतील. ओरु तडवै पारुंग." एकदा बघून घ्या, एवढंच.

सकाळी काँक्रीटच्या गाड्या येऊन उभ्या होत्या. लिफ्ट अजून बसली नव्हती. मी खाली टपरीवर पोंगल खात होतो. काल तर पाहिलंय की! मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवला आणि 'आज सकाळी तपासले' याखाली सही ठोकली. घाई होती म्हणू? नव्हती — आळस होता.

महिन्याभरानं टेकू काढले आणि बाल्कनी झुकली. भिंतीलगत बोट जाईल एवढी भेग पडली. खाली-वर कुणी नव्हतं, हे नशीब. फोडून पाहिली तर वरच्या सळ्या पार तळाशी चेपलेल्या.

साहेबांनी विचारलं, त्या सकाळी वर गेला होतास? मी म्हणालो, हो. मग सळ्या खाली कशा गेल्या? आणि मी — ऐकताय ना? — मी म्हणालो, बांधणीच सैल असणार.

अण्णांना त्याच दिवशी काढलं. ते भांडले नाहीत. फोडलेल्या काँक्रीटपाशी बसून सळ्या चाचपत राहिले. अशी बातमी एका साइटवरून दुसऱ्या साइटवर आपोआप जाते. त्यानंतर त्यांना सळ्यांचं काम कुणी दिलं नाही.

मागच्या वर्षी मैलापूरला एका अपार्टमेंटच्या फाटकावर ते दिसले. वॉचमनच्या कपड्यांत. मला पाहून उठले, स्वतःची खुर्ची मला दिली, कॉफी मागवली. मग हळूच म्हणाले, सार, अजून मी ती बाल्कनी मनातल्या मनात बांधून बघतो. कुठली गाठ सैल राहिली, तेच सापडत नाही.

तेव्हा तरी सांगायचं — आम्ही दोघंच तर होतो.

मी म्हणालो, "जाऊ द्या अण्णा, चूक माणसाकडूनच होते." आणि त्यांची कॉफी प्यायलो.