पाच सऱ्यांचं पाचट

कराडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी वनस्पतीशास्त्राच्या जोडीला शाश्वत शेतीचा पेपर घेतला. घरी सांगितलं तर आबा, म्हणजे माझे वडील, पोट धरून हसले. "शेती शिकायला एस्टीनं कराडला? अगं, मग मी हितं काय करतोय?"

मला कुणी हसलेलं खपत नाही. त्यात सरांनी प्रकल्प दिला, ऊस तुटल्यावर रानात पडलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, जाळायचं नाही, सऱ्यांत पसरून कुजू द्यायचं. आमच्याकडे ऊस कारखान्याला गेला की पाचट पेटवायचं, यात विचारायचं काय असतं! मी चार दिवस अबोला धरला, तेव्हा कुठं आबांनी बांधाकडच्या पाच सऱ्या दिल्या. "उन्हाळ्यात ह्या तगल्या तर पुढल्या साली सगळं रान तुझ्या म्हणण्यानं. न्हाईतर हे खूळ परत घरात काढायचं न्हाई."

दोन रविवार खपून मी पाचट पसरलं. पात्यांनी हात ओरबाडून निघाले. तिसऱ्या शनिवारी रानात जाते तर पाचही सऱ्या काळ्याठिक्कर! शेजारचे तात्या बांधावर हसत उभे. "तुमचं तेवढं ऱ्हायलं हुतं बघ. माजं निम्मं पेटवून झालं, म्हटलं जाता जाता तुमचंबी उरकावं." वर चहाची वाट बघत होते!

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी मोठ्या माणसावर ओरडले आणि ढसाढसा रडले. तात्या गांगरलेच. "मदत केली तर पोर रडतीया की रं!" माझा आवाज ऐकून आलेल्या आबांनी त्यांना सगळं समजावलं, पण हसत हसत. माझा असा संताप झाला म्हणता!

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांची बैलगाडी आमच्या बांधाला. त्यांच्या उरलेल्या निम्म्या रानातलं पाचट गच्च भरलेलं. दुपारपर्यंत ते स्वतः पसरत होते आणि दर सरीला विचारत होते, "एवढं बास का, मास्तरीणबाई?" मला लय लाज वाटली. माफी मागितली, चहा मीच नेऊन दिला. प्रकल्पाच्या वहीत 'पाचट शेजाऱ्यांचे' असं खरं खरं लिहिलं. सर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, पण मार्क कापले नाहीत.

चैत्रात कालव्याचं पाणी लांबलं. तुटलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला बाकीचा ऊस माना टाकायला लागला, माझ्या सऱ्यांत मात्र पाचटाखाली ओल टिकून होती. आबा रोज तिथं हात घालून बघायचे. एकदा तात्यांनाही हात घालायला लावला.

पुढल्या साली ऊस तुटला आणि त्याच आठवड्यात कोरेगावला मामांच्या घरी लग्न निघालं. आबा म्हणाले, पोटात दुखतंय, तुम्ही जावा. दिवस मावळायला आम्ही परतलो तर घराला कुलूप. मी रानात धावले. सगळ्या रानभर पाचट तसंच, आणि मधोमध आबा डबा सोडून भाकरी खात बसलेले.

"आबा, पोटात दुखत होतं ना?"

"गप बस. रान सोडून कसं जाऊ? आपल्या गावची माणसं लय मदत करणारी हाईत."