साखऱ्याच्या विहिरीतला हंसराज

मांडीवर रिकामी बादली आणि ओलं गोणपाट घेऊन मी हिंगोलीहून निघाले. गोरेगावला जीप बदलताना शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "मासे आणायला चालल्या का?" मी म्हटलं, "नाही, हंसराज." हंसराज म्हणजे सावलीत, ओल्या दगडावर वाढणारा नाजूक नेचा. नांदेडला कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण घरी लावलेला एकही हंसराज जगला नव्हता.

साखऱ्याच्या कौसाबाईंच्या विहिरीत तो खूप आहे, हे त्यांच्या भाचीनं, माझ्या विद्यार्थिनीनं, सांगितलं होतं. मी निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी विहीर आतून सिमेंटनं लिंपणार होते.

तूर निघालेलं रान करडं पडलं होतं. कौसाबाई मेंढरं वाड्यात (काट्यांच्या कुंपणात) घालून आल्या. आधी भाकरी-ठेचा खाऊ घातला, मग मला विहिरीच्या पायऱ्यांवरून खाली नेलं. अर्ध्यात माझा पाय घसरला आणि चष्मा पाण्यात गेला. पाझराच्या बाजूला हिरवी झालर तेवढी दिसली. काळे चकचकीत देठ. मी म्हटलं, "नेहमीचाच दिसतो."

"न्हाई मॅडम. बराबर बघा."

त्यांनी माझं बोट एका देठावरून फिरवत नेलं. अर्धचंद्रासारखी पानं, मग नुसता दोरीसारखा शेंडा, आणि तो टेकला तिथं मुळं धरलेलं नवं रोप. नेहमीच्या हंसराजाला असा शेंडा नसतो. हा चालता हंसराज होता.

"माझ्याकडं मरतो कशानं?" मी विचारलं.

"ऊन दाखवता?"

"सकाळचं. आणि रोज पाणी घालते."

"मंग कसा जगंल? दगड ओला ठिवा. मुळाशी वतू नका."

तीन रोपं गोणपाटात गुंडाळून बादलीत ठेवली. वर मिस्त्री मापं घेत होता. कौसाबाई त्याला म्हणाल्या, "भाऊ, पाझराची बाजू तशीच ऱ्हाऊ द्या."

"काहून, मावशी?"

"पाणी तिथूनच येऊन राहिलं. आन् ह्ये बी हाय." त्यांनी खाली बोट दाखवलं.

मिस्त्री वाकून बघत म्हणाला, "व्हय, ती बाजू पक्की हाय. सोडतो."

घरी माठाखालच्या विटेवर रोपं लावली. दोन गेली. तिसऱ्यानं पावसाळ्यात शेंडा लांबवला आणि विटेला टेकवला. नेच्याला फूल येत नाही, बी येत नाही, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. तो आपली जागा कशी शोधतो, ते बघायला मात्र विहिरीत उतरावं लागलं. मी लगेच साखऱ्याला फोन लावला.

"आता हालवू नका," कौसाबाई म्हणाल्या. "जागा पसंत पडली त्याला."