फुटका फ्लोट

आमच्या दादांना, म्हणजे वडलांना, माणसापेक्षा गाडी प्यारी. कुठल्याशा साहेबाकडून घेतलेली, स्वातंत्र्याच्या आधीची, काळी विलायती गाडी. निफाडला द्राक्षं, नाशकात गंगापूर रोडला बंगला आणि दारात ही बया. तिला हात लावायची परवानगी फक्त ड्रायव्हरमामांना. मामा चांदवडकडचे. आम्हा भावंडांना त्यांनीच खेळवलं, कारण दादांना तेवढा वेळ कधी नव्हताच.

सत्तरच्या दशकात पेट्रोल महागलं आणि नेमका तेव्हाच गाडीतला पेट्रोलचा काटा पडला. टाकी भरा नाहीतर रिकामी ठेवा, काटा आपला तळाशी. मामांनी साधा उपाय काढला. रोज सकाळी कडुलिंबाची काडी टाकीत घालायची आणि किती भिजली ते बघायचं. "मालक, काटा बंद हाय, खोलून बघाया पायजे," असं ते सांगत राहिले. "माझ्या गाडीला कुणी पाना लावायचा नाही," हे दादांचं उत्तर. मग एका सकाळी दादांनी त्यांना टाकीवर वाकलेलं पाहिलं आणि डोक्यात बसलं ते बसलंच. काटा खाली, म्हणजे पेट्रोल कमी, म्हणजे हा चोरतोय. अहो, पण तीच गाडी तुम्हाला निफाडला नेऊन परत आणते ना! पण हे दादांना सांगणार कोण?

दसऱ्याला गाडीची पूजा असायची. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, शेजारपाजारचे जमलेले. मामा नवा सदरा घालून आले, दादांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि पाया पडायला वाकले. दादांनी पानं जमिनीवर टाकली.

"सोनं वाटतोस होय रे? आधी टाकीतलं परत कर, चोरा."

मामा वाकलेले तसेच राहिले. "आईशप्पथ मालक, नाय हो," एवढंच म्हणाले. दादांनी त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली, नारळ फोडला आणि वर सगळ्यांना पेढे वाटले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी मला माझ्या बापाची किळस आली, हे आजही सरळ सांगतो.

नाशिक तेव्हा केवढंसं! दादांनी ज्याला सांगितलं नाही असा गाडीवाला उरला नाही. मामांना कुणी दारात उभं करेना. शेवटी सातपूरच्या एका कारखान्यात जीपवर जागा निघाली. मी शेजारच्याच कारखान्यात टूलरूमला होतो, म्हणून तिथल्या मॅनेजरना गळ घातली. ते म्हणाले, "माणूस बरा वाटतो. पण तुमच्या वडलांना विचारल्याशिवाय घेणार नाही." रविवारी ते घरी येणार होते. मामांची भाकरी दादांच्या एका शब्दावर येऊन अडकली.

त्या रविवारी दादा आंघोळीला गेले तशी मी डिकी उघडली आणि टाकीवरचे स्क्रू काढले. आत तारेच्या टोकाला एक पितळी डबी असते, तिला फ्लोट म्हणतात. ती पेट्रोलवर तरंगते आणि तिच्याबरोबर काटा वरखाली होतो. आमची तळाला बसली होती. कानाशी धरून हलवली, तर आत डुचमळलं! गरम पाण्यात बुडवली तेव्हा सांध्यातून बारीक बुडबुडे निघाले. झिरपून झिरपून आत पेट्रोल भरलं होतं.

दादा पंचा गुंडाळून बाहेर आले. मी डबी त्यांच्या कानाशी हलवली. "ऐका. हे तुमचं चोरीला गेलेलं पेट्रोल. चमचाभर."

त्यांनी ऐकलं. स्वतःच्या हातात घेऊन परत एकदा ऐकलं. त्यांना कळलं होतं. मी त्यांचा मुलगा आहे, मला तो चेहरा कळतो.

"नीट कर," म्हणाले.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! भोक मोठं करून आतलं सगळं काढलं, डबी बराच वेळ उकळत्या पाण्यात ठेवली. आत पेट्रोलची वाफ उरली तर सोल्डर करताना हातातच फुटते. मग भोक बुजवलं, घासलं आणि डबी परत टाकीत बसवली. किल्ली फिरवल्यावर काटा हळूहळू चढला आणि पाऊण टाकीवर थांबला.

मॅनेजर आले. मामाही आले होते, पण फाटकाबाहेरच उभे राहिले. दादांनी पाहुण्यांना चहा पाजला आणि थेट गाडीत नेऊन बसवलं.

"तो होता तोवर हा काटा तळाशी पडलेला असायचा. त्याला काढला, आणि आता बघा."

मी ओरडलोच, "दादा, फ्लोट फुटका होता! तुम्ही हलवून बघितलात!"

"आमचे चिरंजीव," दादा हसून म्हणाले. "ड्रायव्हरवर फार जीव. मनाला लावून घेतलंय पोरानं."

मॅनेजरही हसले. मग दादांनी फाटकाकडे बघून हाक मारली, "ये रे, आत ये. तूही बघ."

मामा चपला बाहेर काढून आले, खिडकीतून वाकले आणि काटा बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथे उभं राहवेना. त्यांनी दादांना हात जोडले, मग मॅनेजरांना.

"काटाच बिघडला व्हता ना, सायेब! आता पटलं ना?"

"कळवतो," मॅनेजर म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

"किती वाजता येऊ उद्या?" मामा त्यांच्यामागे फाटकापर्यंत अनवाणी पळत गेले.