पत्र्याचं सागवान

बेलवलीच्या आमच्या ब्लॉकला बिल्डरने पत्र्याचं दार लावलं होतं आणि वडिलांना सागवान हवं होतं. म्हणून उल्हासनगरहून एक पेंटर आला. पिवळ्या रंगावर त्याने ओला तपकिरी रंग फासला, खिशातून कंगवा काढला, आधी स्वतःचा भांग पाडला, मग दाराचा. लाकडाच्या रेषा उमटल्या. मध्येच अंगठा दाबून फिरवला आणि गाठ तयार!

"गाठ कशाला?" वडील कुरकुरले.

"नाय टाकली तर डुप्लिकेट वाटेल, साहेब. फक्त बेल लावून घ्या. कोणी टकटक केली, की पत्रा बोलणार."

बेल लागली. वीज गेली, की वडील धावत जाऊन दार सताड उघडं ठेवायचे.

शेजारी म्हणायचे, काय मोकळ्या मनाचा माणूस!