ह्यांना दुकानावर बसवून

मागच्या पौषात मी दोन दिवस बोर धरणावर राहायला गेले. आमच्या आंजीहून धरण तासा-दीड तासाच्या रस्त्यावर आहे. एवढ्या जवळ जाऊन राहण्याला सुट्टी म्हणावे का, असा प्रश्न घरी सगळ्यांनाच पडला. मुलीने पुण्याहून फोनवर सांगितले, "आई, जायचंच आहे तर नीट कुठेतरी जा. मी महाबळेश्वरचं बुक करते." शेजारी राहणारे माझे दीर तर हसायलाच लागले.

"वयनी, बोरले आपण डबा घेऊन जातो अन् सांच्याले घरी येतो. तिथं राह्यते का कोनी? अन् आपलं हाय कोन तिथं?"

"कोनी नाई, म्हणूनच," मी म्हणाले.

दीरांचे काही चुकत नव्हते. आमच्याकडे माणूस जातो तो कोणाकडे तरी जातो. नागपूरला मामा, अमरावतीला नणंद, पुण्याला मुलगी. होळीच्या आठ दिवस आधी माझे यजमान गेले, आणि त्यानंतरच्या दहा महिन्यांत मी या सगळ्या घरी जाऊन आले. सगळीकडे मला चांगली खुर्ची मिळाली. मी आत आले की टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. सांडपाण्याच्या नालीवरून माझ्याशी तीस वर्षे भांडलेली माझी जाऊसुद्धा आता म्हणायची, "तुमीच सांगा वयनी, तुमी म्हणसान तसं." मी पाठ फिरवली की 'बिचारी' हा शब्द ऐकू यायचाच. ज्याला यातले काही माहीत नाही, अशा माणसाला मी कशी दिसत असेन, याचे मला कुतूहल वाटू लागले होते.

दुसरे कुतूहल जुने होते. आमचे किराणा दुकान. सकाळी साडेसहाला दूध आणि ब्रेड घ्यायला माणसे येत, म्हणून ते एकही दिवस बंद राहत नसे. एकतीस वर्षांच्या संसारात आम्ही धरणावर तीन-चार वेळा गेलो असू. प्रत्येक वेळी दुपारी पोहोचायचो आणि चारला परत फिरायचो. सकाळी तिथे कसे असेल, असे मी विचारले की हे म्हणायचे, "पाणी काय, दिवसभर तेच असते." ते खरे आहे का, हे मला पाहायचे होते.

निघताना मी एक गोष्ट मनाशी पक्की केली. यजमान गेल्याचे दोन दिवस कोणालाही सांगायचे नाही. कोणी विचारलेच तर विषय बदलायचा. 'बिचारी' हा शब्द दोन दिवस कानावर पडू द्यायचा नाही.

वर्ध्याहून सेलू, सेलूहून हिंगणी आणि पुढे ऑटो असे करत मी दुपारी पोहोचले. चार-पाच खोल्या आणि मागे स्वयंपाकघर असलेले ते राहण्याचे ठिकाण होते. मधला वार असल्याने दुसरे कोणी नव्हते. जवळच्याच गावातली पन्नाशीची एक बाई तिथे स्वयंपाकाला होती. तिने माझी पिशवी उचलली, माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे पाहिले (ती मुलीने मला काढू दिली नव्हती) आणि विचारले, "एकट्याच आल्या मॅडम? मिस्टर नाई आले?"

"त्यायचं दुकान हाय ना," मी म्हणाले. "सोडून येता येत नाई."

खोलीत येऊन पलंगावर बसल्यावर मी काय बोलले ते माझ्या लक्षात आले. विषय बदलायचे ठरवले होते आणि सरळ खोटे बोलून बसले होते. पण नीट विचार केल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. हे वाक्य मी त्या क्षणी जुळवलेले नव्हते. किती लग्नांना, किती बारशांना, शाळेच्या किती स्नेहसंमेलनांना मी एकटी गेले आणि दारातच हे वाक्य सांगितले. ते मला पाठ होते. कोणी विचारले की ते आपोआप बाहेर यायचे, आणि आजही आले.

संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा ती बाई समोरच उभी राहिली. मी जेवणारी एकटी आणि ती बोलायला आसुसलेली. मी शाळेत शिकवते, हे तिने आधीच काढून घेतले.

"मंग त्यायच्या जेवाचं कोन पाह्यते?"

"माही जाऊ डबा देते."

"अन् ते खाते गुमान?"

"गुमान कायचं! भाकर जाड झाली म्हणतात."

"माह्या घरचा बी तसाच. आयता खाते अन् वरून नाव ठेवते." ती खुशीत येऊन मला वाढू लागली. "काय आवडते त्याइले?"

"पातोडी. रस्स्याची."

हे खरे होते. पण त्यानंतर मी कुठच्या कुठे गेले. हे खर्रा खायचे. सुपारी-तंबाखूची ती पुडी सोडवण्यासाठी मी एकतीस वर्षे डोके फोडले होते. तिथे त्या जेवणाच्या टेबलावर मी तो दोन वाक्यांत सोडवला. "दिवाळीपासून बंद केला त्यायनं," मी म्हणाले. बाई थक्क झाली. मग मी त्यांना सकाळी फिरायला पाठवू लागले, नवीन चष्मा घेऊन दिला, गुडघ्याला तेल लावायला लावले. दहा महिन्यांत त्यांचे वय थोडे वाढले असते, चिडचिड थोडी वाढली असती, तसे मी सगळे त्यांच्या अंगाला लावत गेले. मला लाज वाटायला हवी होती. पण खरे सांगायचे तर हे पुढे काय करतील ते पाहायला मला मजा येत होती.

सकाळी साडेसहाला मी स्वेटर घालून, डोक्याला मफलर गुंडाळून धरणाच्या भिंतीवर गेले. पाणी नव्हतेच! नुसते धुके होते, आणि त्या धुक्यात कुठेतरी वल्ह्याचा आवाज येत होता. मग अगदी पायाजवळचे पाणी दिसले, तांदळाच्या धुवणासारखे. बऱ्याच वेळाने मध्ये एक काळी रेघ उमटली. तो मासे धरणाऱ्याचा डोंगा होता. ऊन आल्यावर पाणकावळे एका वाळक्या झाडावर पंख पसरून बसले, दोरीवर काळे कपडे वाळत घालावेत तसे. आठ वाजता पाणी हिरवे होते. नऊला निळे.

मी आष्टीच्या शाळेत शिकत होते तेव्हा विज्ञानाचे एक सर आम्हाला वहीत निरीक्षणे लिहायला लावत. आधी वेळ लिहा, मग दिसले ते लिहा, वाटले ते शेवटी लिहा, असे त्यांचे सांगणे असे. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिली, आणि त्याचे पुष्कळसे श्रेय त्या सरांचे आहे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगत आले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी त्या सकाळी वहीत वेळा मांडल्या आणि रंग लिहिले. 'वाटले ते' लिहायला आले तेव्हा पेन थांबले. कारण मला वाटत होते, की हे आता दुकानात ब्रेडचे रिकामे ट्रे रचून ठेवत असतील आणि परत गेल्यावर त्यांना सांगायला हवे, पाणी दिवसभर तेच नसते.

मी तशीच भिंतीवर बसून राहिले. खोटे दुसऱ्याला सांगितले होते आणि पटले होते मला.

परत आले तर बाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. "कोन्या गावच्या तुमी?" तिने विचारले. माझे डोके अजून पाण्यावरच होते.

"आंजी."

"मोठी आंजी?" तिने सूप खाली ठेवले. "आता घ्या! माह्या नणंदेची पोरगी तिथंच देल्ली हाय. बस स्टॉपच्या अंगाले. दुकान कोन्या बाजूले तुमचं?"

आमच्या जिल्ह्यात दोन प्रश्नांत नाते निघते, हे मी कसे विसरले कोण जाणे. मी काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "इथं रेंज नाई. सांच्याले घरी गेली का पोरीले फोनच लावीन. म्हणीन, तुह्या गावच्या मॅडम माह्या हातचं जेवून राह्यल्या."

म्हणजे संध्याकाळपर्यंतच. तिच्या नणंदेच्या मुलीला आमचे दुकान माहीत नसणे शक्य नव्हते. गावात किराणा दुकाने दोनच, आणि आमचे आता दीर चालवतात. दुपारभर मी पिशवी भरावी की भरू नये याच विचारात होते. चारच्या गाडीने निघून गेले असते तर बाईला मी गेल्यावर कळले असते आणि मला तिचे तोंड पाहावे लागले नसते. पण तसे जाणे मला पळून जाण्यासारखे वाटले. शिवाय दुसऱ्या सकाळी पाणी पुन्हा तसेच दिसते का, हे पाहायचे राहिले असते. रात्री तिला स्वतःच सांगायचे ठरवून मी थांबले. रात्रीच्या जेवणाला ती घाईत होती. वाढून ती लगेच घरी गेली आणि माझे सांगायचे राहून गेले.

दुसऱ्या सकाळी मी धरणावरून आले तेव्हा ती माझीच वाट पाहत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. काही कळल्यासारखे दिसत नव्हते.

"पोरीचा फोन नाई लागला," ती म्हणाली आणि स्टीलचा एक डबा माझ्यापुढे सरकवला. "पन हे घ्या. पातोडी. म्हटलं मिस्टर आवडीनं खाते, तं नेऊन द्या. रस्सा वेगळा ठेवला, नाई तं वड्या भिजते."

तो उचलून मला गप्प निघून जाता आले असते. फोन लागला नव्हता, ऑटो दारात उभा होता. पण तो डबा हातात धरून दीड तास प्रवास करणे माझ्याने झाले नसते.

"ताई," मी म्हणाले, "ते नाईत. होळीच्या आधीच गेले. मी तुमच्याशी खोटं बोलली."

तिचा हात झाकणावरच राहिला. आता काय होणार ते मला ठाऊक होते. आधी तोंड उघडते, मग मान कलते, मग एक हात येऊन दंडावर पडतो. मी वाट पाहिली.

"मंग हे मी कोनासाठी केलं?" ती म्हणाली.

मी हातातली वही ओट्यावर ठेवली.

"पाच वाजता उठली मी! बेसन घाटलं, थापलं, वड्या पाडल्या, खोबरं भाजलं. अन् मानूस हायच नाई! काऊन सांगतलं मंग तसं?"

"चुकलं माह्यं."

"मास्तरीन ना तुमी? पोराइले बी हेच शिकवलं का?"

मला हसू फुटले. दाबायचा प्रयत्न केला तर ते आणखीच वाढले.

"हासून काय राह्यल्या?"

"दहा महिन्यांत माह्यावर कोनी रागावलं नाई ताई."

"मंग घ्या, मी रागावली," ती म्हणाली. तिने खरेच डबा स्वतःकडे ओढून घेतला आणि पाठ करून गॅस पेटवला. थोडा वेळ नुसती भांड्यांची आदळआपट चालली. मग ती दोन ताटल्या घेऊन आली, एक माझ्यापुढे ठेवली, दुसरी स्वतःपुढे, आणि समोर फतकल घालून बसली.

"खर्रा सोडला होता का?"

"नाई."

"मले वाटलंच. कोनी सोडत नाई." तिने भाकर मोडली. "अन् पातोडी?"

"ते खरं हाय. सणाले दुसरं काई मागत नव्हते."

"मंग एवढं तं खोटं नाई. खा."

बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. तिने आतूनच ओरडून त्याला पाठवून दिले. मला दहा महिने सगळ्यांनी एकच विचारले होते, हे कसे गेले, दवाखान्यात कोण होते, शेवटचे काय बोलले. ते सांगून सांगून माझी जीभ त्याच रस्त्याला लागली होती. ही बाई ते विचारतच नव्हती. तिला ते उंच होते की बुटके, बोलके की घुमे, हे हवे होते. मी सांगत होते आणि ती मध्येच नाक मुरडत होती, कुठे हसत होती. एका ठिकाणी तर तिने त्यांचीच बाजू घेतली.

"अन् भांडाचे का?" तिने विचारले.

"रोज."

"कायच्यावरून?"

मला थोडे आठवावे लागले. "पंख्यावरून," मी म्हणाले. "त्याइले पौषात बी पंखा लागे."

"पौषात?" तिने रश्श्याचे भांडे माझ्याकडे सरकवले. "मंग तुमी काय करत होत्या?"

मी आणखी एक वडी घेतली आणि सांगायला लागले.