बुधरीबाईचं न झालेलं लग्न

अकरा वाजता कचेरीत पुकारा व्हायचा होता. साडेदहापर्यंत मी बुधरीबाईला एकच गोष्ट चार वेळा पढवली होती. साहेबानं विचारलं, लग्न झालं होतं का, तर 'हो' म्हणायचं. पुढचं मी बघते.

"पन झालं नाई न, ताई," ती चौथ्यांदा म्हणाली.

माझं डोकं तापलं. "एकतीस वर्षं लालसूभाऊच्या संगं राह्यली. हे लग्न नाई त काय आहे?"

"संसार आहे. लग्नाचं जेवन राह्यलं. देवापुढं झूट कशी बोलू?"

"कचेरीत कुठी आला देव?"

"तुले दिसत नसन," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसत बसली.

बुधरीबाईचा बाप जंगूभाऊ. त्याला पोरगा नव्हता, म्हणून त्यानं लालसूला लमसेना म्हणून घरी आणलं. म्हणजे होणाऱ्या जावयानं मुलीच्या घरी राहून तीन वर्षं राबायचं आणि मग लग्न. तिसरं वर्ष भरायच्या आत जंगूभाऊ गेला. गावाला जेवण घालायचं राहिलं, आणि पुढं राहतच गेलं. जंगलातल्या गावांत अशी जोडपी घरोघरी आहेत. त्यांना कोणी नावं ठेवत नाही, पण लग्न झालं असंही गाव म्हणत नाही. नातवंडं मांडीवर घेऊन मांडवात बसलेले नवरा-नवरी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

लालसूनं नाल्याकाठी जंगल साफ करून धानाच्या तीन बांध्या, म्हणजे बांध घातलेली छोटी शेतं, काढल्या. मग एका उन्हाळ्यात मोह वेचताना अस्वलानं त्याची मांडी फाडली, तो पाय कायमचा गेला. तेव्हापासून नांगर बुधरीबाईनं धरला. बाईनं नांगराला हात लावायचा नाही अशी गावाची रीत. पंचांनी तिला कोंबडीचा दंड सांगितला. तिनं कोंबडी दिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नांगर घेऊन गेली. पंच थकले, ती नाही थकली. लेकरू एक झालं, ते जगलं नाही.

त्या बांध्यांचा वनहक्काचा दावा लालसूच्या नावानं होता. ग्रामसभेनं मंजूर केला, वर या कचेरीत पाठवला, इथं तो पडून राहिला आणि गेल्या पावसाळ्यात लालसू तापानं मेला. दिवाळीनंतर त्याच्या भावाच्या पोरानं, दिनेशनं, हरकत टाकली: ही माझ्या काकाची बायको नव्हे, वारस आम्ही. आज तिला बायको धरलं नाही, तर तिन्ही बांध्या दिनेशच्या होणार होत्या. तिच्याकडे दुसरं ढेकूळभरही शेत नव्हतं.

गावोगाव असे दावे मी लिहून देते, पण माझी दहावी नापास. इंग्रजी मी रद्दीतून उचललेल्या डिक्शनरीवर शिकले. दिनेशच्या वकिलानं हरकतीत जागोजागी 'हजबंड' लिहिलं होतं, म्हणून तो शब्द मी सकाळी एसटीत उघडला आणि जागेवर उडालेच. इंग्रजांनी तो उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांकडून घेतला. पहिला तुकडा म्हणजे घर, दुसरा म्हणजे वस्ती करून जमीन कसणारा. ज्याचं घर आहे, जो घर धरून राहतो, तो हजबंड. नवरा हा अर्थ मागून चिकटला. शेतीलाही ते त्याच शब्दावरून 'हजबंड्री' म्हणत आले.

मी बुधरीबाईला हे सांगितलं. ती हसली. "मंग त माया घरचा हजबंड मीच झाली व! लालसू त बाजेवर बसून मलेच हाका मारे."

पुकारा झाला. साहेबानं कागद चाळले आणि सरळ विचारलं, "बाई, लालसूशी तुमचं लग्न झालं होतं का?"

बुधरीबाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाई झालं, साहेब."

वकील खुर्चीतून अर्धा उठला. "नोंद घ्या, सर. स्वतः कबूल करतात."

मी भडकले. डिक्शनरी टेबलावर आपटली आणि हजबंड शब्दाची सगळी वंशावळ तिथंच मांडली. ज्या शब्दावर तुम्ही हिला हाकलता, त्या शब्दातच घर आहे, शेत आहे, मांडव कुठाय दाखवा! कारकून तोंडावर फाईल धरून हसत होता.

साहेब हसला नाही. "शब्दाचं बरोबर असेल, मॅडम. पण शब्दावर मी जमिनीचा पट्टा देऊ शकत नाही. हिला बायको मानलं होतं, याचा पुरावा द्या."

माझ्याकडे नव्हता. रेशन कार्डावर ती अजून जंगूची मुलगी होती.

दिनेशनं साक्षीला आपली आई आणली होती. इतवारीबाई, लालसूची भावजय. वकिलानं विचारलं, "लग्नाचा मांडव पडला होता?"

"नाई पडला," ती खाली बघून म्हणाली.

"झालं, सर."

"मी एक इचारू का?" बुधरीबाई म्हणाली. साहेबानं मान हलवली. ती इतवारीबाईकडे वळली. "बाई, लालसूचा गोटा उभा केला त्या दिवशी माया खांद्यावर लुगडं कोनं टाकलं?"

दिनेशला काही कळलं नाही. तो तेव्हा मजुरीला तेलंगणात होता. मलाही कळलं नाही. तीन महिने मी कागद धुंडाळत होते, मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात त्या दिवशी काय झालं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

साहेबानं विचारलं, "लुगडं टाकलं म्हणजे काय?"

इतवारीबाईनं तोंड उघडलं.

"माय, चूप राहा," दिनेश दात आवळून म्हणाला. "घरी चाल."

"तू चूप राहा," ती म्हणाली. "साहेब, मानूस मेला का त्याच्या घरच्या बाईनं त्याच्या बायकोच्या खांद्यावर नवं लुगडं टाकाचं असते. आन इचाराचं असते, इथी राह्यतं का आमच्या घरी येतं. बायकोलेच इचारते. दुसऱ्या कोनाले नाई."

"आणि हिला कोणी विचारलं?"

"मीनं. साऱ्या गावापुढं, देवापुढं. ही म्हने, इथीच राह्यतो." तिनं पोराकडे पाहिलं. "ते कसं खोटं करू, बाबू?"

वकील म्हणाला, ही नुसती रूढी आहे. साहेब म्हणाला, "वनहक्काच्या दाव्यात मी रूढीच बघतो, वकीलसाहेब." त्यानं कारकुनाला जबाब शब्दान् शब्द लिहायला लावला. इतवारीबाईनं अंगठा दिला. मृताशी नातं या रकान्यात कारकुनानं 'पत्नी' लिहिलं, तेव्हा मी पाठीमागून वाकून दोनदा वाचलं.

बाहेर दिनेश मोटारसायकलला किक मारत होता. "आता तिच्याच घरी मर," तो आईला म्हणाला आणि निघून गेला. मी त्याच्या मागं धावले, शिव्या दिल्या, पण तो कोपऱ्यावरून वळला होता.

इतवारीबाई कचेरीच्या पायरीवर बसली. "संध्याकाळी घरात घेनार नाई मले," ती म्हणाली.

बुधरीबाई तिच्या शेजारी बसली. "तुनं मले इचारलं होतं न, येतं का म्हनून? मी नाई आली. आता मी तुले इचारून राह्यली, बाई. येतं का माया घरी?"

इतवारीबाईनं पदर खोचला. मग उठली, आणि दोघी एसटी स्टँडकडे चालू लागल्या.